कमी ऐकू येत असताना संगीत करायचं तर: चाचणी, मशीन, रियाज आणि रंगमंच

कानात दोष आहे असं निदान झालं की गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला आसपासची मंडळी पहिला सल्ला देतात तो संगीत आवरतं घेण्याचा. सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहिलेलाही नसतो. एखाद्याला खर्जातलं सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि झांजेची किणकिण अजिबात येत नाही, दुसऱ्याचं नेमकं उलटं असतं. त्यामुळे आधी शोधायचं ते हे: आपला कान कोणत्या पट्ट्यात खरं सांगतो, कुठे अर्धवट सांगतो आणि कुठे चक्क चुकीचं सांगतो. हे एकदा कळलं की उरलेलं काम डोळे, हात, हाडं, यंत्र आणि सोबतचे कलाकार यांच्यात वाटून देता येतं.

चाचणी संगीतकाराची करून घ्या

नेहमीची चाचणी बोलणं समजतं का हे पाहण्यासाठी असते. संगीतासाठी थोडं जास्त मागून घ्यावं लागतं. चाचणीच्या आधी निदान १६ तास मोठ्या आवाजापासून दूर राहा. आदल्या रात्री कार्यक्रम वाजवून गेलात तर तात्पुरती आलेली बधिरता कायमची म्हणून नोंदली जाईल. ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) २५० ते ८००० हर्ट्‌झ या नेहमीच्या पायऱ्यांसोबत ३००० आणि ६००० हर्ट्‌झही तपासायला सांगा, कारण मोठ्या आवाजाने होणारं नुकसान आधी ३००० ते ६००० च्या दरम्यान खड्ड्यासारखं दिसतं. सोय असेल तर १६००० हर्ट्‌झपर्यंतची चाचणीही करून घ्या. हाडामार्फतची चाचणी, पडद्याच्या हालचालीची चाचणी आणि 'कोणत्या पातळीला आवाज सहन होत नाही' याची नोंद, या तिन्ही हव्यात. कागद हातात घेऊनच बाहेर पडा.

ऑडिओग्राम वाचायला सोपा असतो. डावीकडून उजवीकडे स्वर चढत जातो, वरून खाली यायला लागलं की ऐकू येण्यासाठी आवाज वाढवावा लागतो. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. अहवालात 'सौम्य', 'मध्यम' असा शेरा असतो, तो ५०० ते ४००० हर्ट्‌झमधल्या सरासरीवरून ठरतो. संगीतकाराने सरासरीकडे फार पाहू नये, रेषेचा आकार पाहावा. हाडाची रेषा चांगली आणि हवेची रेषा खाली असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पाणी, पडद्याला भोक, हाडांच्या साखळीचा ताठरपणा. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात. दोन्ही रेषा सोबतच खाली आल्या असतील तर दोष आतल्या कानात किंवा मज्जातंतूत आहे आणि पुढचा बराचसा भाग त्यासाठीच आहे.

एका बाबतीत मात्र थांबू नका. एका कानाचं ऐकणं तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा. यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता जास्त. 'सर्दीने दडा बसला असेल' म्हणून आठवडे घालवणं हीच इथली सगळ्यात महाग चूक.

आता त्या कागदाचं संगीतात भाषांतर करायचं. पियानोची अगदी शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्‌झची. काळी एकचा खर्जाकडचा षड्ज साधारण १३९ हर्ट्‌झ, मधला २७७. व्हायोलिनची सगळ्यात वरची मोकळी तार ६५९. म्हणजे गाण्या-वाजवण्यातले जवळपास सगळे मूळ स्वर १००० हर्ट्‌झच्या आत-बाहेर असतात. त्यापलीकडे असतात ते उपस्वर: तानपुऱ्याची जवारी, दायाँच्या किनारीचा 'ना', बासरीतली फुंक, झांजेचा झळाळ, शब्दांतले स, श, त, थ. १००० पर्यंत रेषा चांगली आणि ४००० ला ५० डेसिबलवर घसरलेली असेल, तर तुमचा सूर सहसा चुकणार नाही; चुकतील ते शब्द, आघाताची धार आणि आवाजाचा पोत. उलट खालचे स्वर गेलेल्याला डग्गा पोकळ आणि आवाज बारीक लागतो, पण सूर बहुतेक वेळा कळतो, कारण मेंदू उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो.

की-बोर्डवरची अर्ध्या तासाची तपासणी

ऑडिओग्राम आवाज 'आला की नाही' एवढंच सांगतो, 'कोणता आला' ते सांगत नाही. ते घरी तपासता येतं.

मशीन (श्रवणयंत्र) काढा, हेडफोन लावा, एकच कान चालू ठेवा. की-बोर्डवर साधा, स्थिर आवाज निवडा (पियानो किंवा बासरीसारखा) आणि मध्यम पातळीवर मधल्या सप्तकापासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक अर्धस्वर चढत जा. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: दुसरा स्वर पहिल्यापेक्षा चढा आहे का? वहीत तीनच खुणा करा: 'स्वच्छ', 'आधीचाच वाटतो', 'नुसता खरखराट'. मग दुसरा कान. हेच तीन वेगवेगळ्या दिवशी, कान ताजे असताना करा. तिन्ही वेळा जिथे दुसरी-तिसरी खूण आली तो तुमचा अविश्वसनीय पट्टा.

असं का होतं? आतल्या कानात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. एखाद्या जागेच्या पेशी पूर्ण गेल्या असतील तर तो स्वर शेजारच्या पेशी उचलतात आणि शेजारचाच स्वर म्हणून मेंदूला कळवतात. तिथे मशीनने आवाज वाढवून काही मिळत नाही, बेसूरपणाच वाढतो. ही वही ऑडिओलॉजिस्टला दाखवा. या जागांसाठी त्यांच्याकडे वेगळी चाचणी असते, आणि त्या पट्ट्यात आवाज कमी ठेवणं हाच कधी कधी सगळ्यात मोठा सुधार ठरतो.

पुढे दोन कानांची तुलना. एकच स्वर आधी डाव्या, मग उजव्या कानात द्या. उंची वेगळी लागली तर एका कानाकडे जाणारा स्वर की-बोर्डच्या सूक्ष्म ट्यूनिंगने हलवून दोन्ही जुळवा आणि किती सेंट हलवावं लागलं ते लिहा (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). थोडा फरक निरोगी कानांतही असतो. फरक ५० सेंटच्या आसपास गेला, तर सूर लावण्यासाठी एकच कान 'प्रमाण' ठरवा आणि तानपुरा त्याच बाजूला ठेवा. फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फॉरे यांना उतारवयात मंद्र स्वर चढे आणि तार स्वर उतरलेले ऐकू यायचे, तरीही ते लिहीत राहिले. विकृती कुठे आहे हे ठाऊक असलं की आतल्या सुरावर काम चालू ठेवता येतं.

मशीन: बोलण्यासाठीचं यंत्र संगीताला वळवणं

श्रवणयंत्र घेऊन गायला बसलेल्या बहुतेकांची तक्रार एकच: 'बोलणं छान ऐकू येतं, गाणं पत्र्यासारखं लागतं.' मशीन खराब आहे असं नव्हे, ते बोलण्यासाठी बांधलेलं असतं. समोरच्याचं नेहमीचं बोलणं ६०–६५ डेसिबल, ओरडणं ८५–९०. जवळून वाजणाऱ्या वाद्याचे आघात सहज १०० च्या वर जातात. माइकनंतर आवाजाचे आकडे करणारा जो टप्पा असतो त्यालाच एवढा आवाज झेपत नाही आणि स्वर तिथेच फाटतो. तो आधीच फाटलेला असल्यामुळे मशीनचा आवाज नंतर कमी करून काही उपयोग होत नाही.

दोष हाच आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मशीनच्या माइकच्या भोकांवर (बहुतेक मशीनना दोन असतात, दोन्हींवर) चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा आणि तोच जोरकस भाग वाजवा. स्वर मोकळा झाला तर अडचण आत येणाऱ्या आवाजाची होती. तेवढ्यापुरतं पट्टी लावून मशीनचा आवाज थोडा वाढवून काम चालतं. नवीन मशीन घेताना मात्र ११० डेसिबलच्या पुढचा आवाज न फाटता आत घेता येतो का, हे आधी विचारा. ध्वनिक्षेपकावरून ऐकत असाल तर त्याचाच आवाज कमी करून मशीनचा वाढवणं हाही त्याच तत्त्वाचा उपाय.

मग 'संगीत' नावाचा वेगळा प्रोग्राम करून घ्या. नुसतं ते नाव असलेला तयार प्रोग्राम पुरत नाही, त्यात काय चालू आहे ते पाहावं लागतं. लक्षणांवरून मागणी केली तर काम लवकर होतं.

तानपुरा सुरू झाल्यावर काही सेकंदांत मागे सरकत जातो? ते गोंगाट कमी करणाऱ्या सुविधेचं काम. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असं मशीन धरतं आणि नेमका आधारस्वरच दाबतं. संगीताच्या प्रोग्राममध्ये ती पूर्ण बंद हवी.

बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांब स्वर थरथरतो, किंवा स्वर थांबल्यावर मागे शिट्टीसारखं काहीतरी राहतं? स्थिर स्वर म्हणजे मशीनचीच शिट्टी (फीडबॅक), असा मशीनचा समज होतो; फीडबॅक दाबणारी सुविधा बंद किंवा अगदी मंद करायला सांगा. बंद केल्यावर खरोखर शिट्टी यायला लागली तर कानातला साचा घट्ट बसत नाही, तो नवा करावा लागेल.

सगळं सुरात असूनही वरचे स्वर बेसूर लागतात? वरचे आवाज खाली सरकवून देणारी सुविधा चालू असेल. बोलण्यातला 'स' त्याने कळतो, पण उपस्वर आपल्या जागेवरून हलतात आणि स्वराची घडण मोडते. बंद करा.

डग्ग्याच्या थापेसरशी गाणं दबतं आणि मग हळूच वर येतं? आवाज आवळणारी यंत्रणा जास्त जोरात काम करते आहे. आवळण्याचं प्रमाण कमी (दीडास एकच्या आसपास) आणि सोडण्याची गती संथ करून घ्या. माइक सर्व दिशांनी ऐकणारा असू द्या, प्रोग्राम आपोआप बदलणं बंद करा. एकच गोष्ट मात्र बंद करायची नाही: कमाल आवाजाची मर्यादा. ती तुमच्या सहनशक्तीच्या आकड्याखाली राहिलीच पाहिजे.

उघड्या घुमटीच्या (कान पूर्ण बंद न करणाऱ्या) मशीनमध्ये आणखी एक गंमत घडते. खालचे स्वर थेट कानात जातात आणि मशीनमधून आलेले तेच स्वर काही मिलिसेकंद उशिरा पोचतात. दोन्ही मिसळले की काही स्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. खालचे स्वर तुम्हाला मशीनशिवायही नीट येत असतील तर १००० हर्ट्‌झखालची वाढ कमी करून घ्या, पोकळपणा बराचसा जातो.

सेटिंगच्या भेटीला वाद्य घेऊन जा. गात असाल तर तिथेच पूर्ण आवाजात गा. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर तोच एक मिनिटाचा तुकडा, आणि वहीत नोंद. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजण्याची पद्धत असते. ती वापरल्याशिवाय केलेलं सेटिंग अंदाजपंचे समजा. बोलण्याचा प्रोग्राम मात्र आहे तसा राहू द्या, रिहर्सलमध्ये तो लागतोच. नवीन मशीनवर निकाल द्यायला काही आठवडे रोजचा वापर हवा, पहिल्या दिवशीचा कर्कशपणा बराचसा मेंदूच्या अनोळखीपणाचा असतो.

सौम्य किंवा मध्यम दोष असलेल्यांनी एक प्रयोग जरूर करावा: मोठ्या आवाजात वाजवताना मशीन काढून पाहावं. आतल्या कानाच्या दोषात हळू आवाज हरवतो, पण मोठा आवाज जवळजवळ पूर्ववत मोठाच लागतो. जोरकस वादनात मशीनची गरज कमी आणि संरक्षणाची जास्त असते.

कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र) असेल तर अपेक्षा वेगळी ठेवा. लय आणि आघात चांगले कळतात. सुरांतला बारीक फरक कळणं अवघड, कारण हजारो पेशींचं काम दोन डझनांहून कमी इलेक्ट्रोडना करावं लागतं. दुसऱ्या कानात थोडंही नैसर्गिक ऐकणं शिल्लक असेल तर तिथे मशीन वापरा, सूर त्या कानातून जास्त येतो.

उरलेलं ऐकणं सांभाळणं

८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस केलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला १५ मिनिटं. ही मर्यादा निरोगी कानासाठीची आहे. तुम्ही त्याच्या निम्मंच धरा. फोनवरचं मोजणीचं ॲप अगदी अचूक नसलं तरी रिहर्सलची खोली ८५ ची आहे की ९७ ची, एवढं सांगतंच.

फोमचे बोळे वरचे स्वर जास्त कापतात. ज्याचे वरचे स्वर आधीच गेलेत त्याच्यासाठी ते चिखल करतात, म्हणून तो बोळे काढून टाकतो आणि नुकसान वाढतं. संगीतकारांसाठी सगळे स्वर सारखे कमी करणारे फिल्टर मिळतात, साधारण ९, १५ आणि २५ डेसिबलचे. सतार, व्हायोलिन, गाणं यांना ९ किंवा १५ पुरतो. ड्रम्स आणि वाढवलेल्या गिटारशेजारी २५ लागतो. गायकांची अडचण वेगळी: कान बंद झाला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, 'ई' आणि 'ऊ' म्हणताना सर्वांत जास्त. साचा कानाच्या दुसऱ्या वळणापलीकडे खोल गेला तर घुमणं कमी होतं. माप देताना तोंड उघडं ठेवा आणि हे कारण सांगा.

व्हायोलिनवाल्याचा डावा कान, बासरी आडवी धरणाऱ्याचा सहसा उजवा आणि ड्रमरचा हाय-हॅटकडचा कान जास्त मार खातो. दोन्ही कानांना सारखाच फिल्टर हवा असं नाही.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी किंवा कापूस भरल्यासारखं वाटलं तर दुसरा दिवस शांत घालवा. दोन दिवसांतही गेलं नाही तर तपासणी. कायमचा टिनिटस (कानात सतत वाजणारी शिट्टी) असलेल्यांनी त्या शिट्टीचा स्वर एकदा की-बोर्डवर शोधून ठेवावा. चेक संगीतकार स्मेताना १८७४ साली बहिरे झाले आणि दोन वर्षांनी लिहिलेल्या एका तंतुवाद्य-चतुष्ट्यात त्यांनी कानातला तो कर्कश तार स्वर सरळ व्हायोलिनला दिला. आपला स्वर माहीत असला की तो वाजतोय की कानात आहे, हा घोळ रियाजात होत नाही.

ऐकण्याचा रियाज

कान थकतो, दोष असलेला कान लवकर थकतो. १५–२० मिनिटं ऐकलं की पाच मिनिटं शांतता, आणि हा रियाज दिवसाच्या सुरुवातीला. खोलीत पडदे, सतरंजी असू द्या. स्पीकर एका मीटरवर, कानाच्या उंचीला. आवाजाची पातळी खुणेने ठरवून टाका आणि ऐकू आलं नाही म्हणून वाढवू नका. वाढवायची सवय लागली की लक्ष देण्याची सवय सुटते.

सुरुवात षड्जापासून. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा थोड्या बेसूर करा आणि एकत्र छेडा. आवाज लाटांसारखा वर-खाली होईल. त्या लाटा मोजता येतात: एक तार १३९ वर आणि दुसरी १४२ वर असेल तर सेकंदाला बरोबर तीन. तार सुराकडे आणली की लाटा मंदावतात. एक लाट दोन सेकंदांना, मग चार सेकंदांना, आणि मग स्वर स्थिर उभा राहतो. वरचे उपस्वर ऐकू न येणाऱ्यालाही या लाटा मिळतात, कारण त्या मूळ स्वरातच असतात. तळहात तुंब्यावर ठेवला किंवा हनुवटी वाद्याला टेकवली तर हाताला आणि जबड्यालाही जाणवतात. रोज दहा मिनिटं हाच व्यायाम. मग तानपुरा सुरात ठेवून स्वतःचा आवाज त्यात मिसळा आणि आवाज व तानपुरा यांच्यातल्या लाटा शोधा. मग पंचम.

ट्यूनर जरूर वापरा, पण त्याचा क्रम महत्त्वाचा. आधी स्वर लावा, 'चढा', 'उतरला' की 'बरोबर' हे तोंडाने म्हणा आणि मगच सुईकडे बघा. चुकलं तर सुई बघत दुरुस्त करू नका. डोळे मिटून दुरुस्त करा आणि पुन्हा बघा. सुईकडे बघतच सूर लावणाऱ्याचा कान महिनोन्‌महिने तिथेच राहतो. वीस स्वरांत किती अंदाज बरोबर आले ते लिहून ठेवा. कोणत्या स्वराला कायम एकाच बाजूची चूक होते हेही त्यातून दिसतं, आणि ती तपासणीतल्या अविश्वसनीय पट्ट्याशी बहुधा जुळते.

पूर्ण रचना ऐकताना सगळं एकदम पकडायला जाऊ नका. तीन-चार मिनिटांचा एक तुकडा घ्या, शब्द किंवा स्वरलिपी आधी वाचून काढा. पहिल्यांदा फक्त ठेका, हाताने सम दाखवत. दुसऱ्यांदा फक्त खालचे स्वर. तिसऱ्यांदा मुख्य चाल, सोबत गुणगुणत. चौथ्यांदा एकच वाद्य, आणि तेही आधी त्याची ओळ वाचून; काय येणार हे माहीत असेल तर गर्दीतूनही ते वेगळं निघतं. शेवटी कागद बाजूला ठेवून एकदा सलग. ओळखीच्या रचनांपासून सुरुवात करा, कारण तिथे स्मरण कानाला हात देतं. नवीन रचना त्यानंतर.

याच्या जोडीला मनातला स्वर. षड्ज वाजवा, थांबा, गंधार मनात ऐका, मग म्हणा, मग तपासा. बीथोवेन १८०२ साली आपल्या बहिरेपणाबद्दल अतिशय खचून भावांना लिहीत होता आणि त्यानंतर पाव शतक त्याने लिहिलं ते अधिकाधिक याच आतल्या ऐकण्यावर. गायकाला तर हे रोज लागतं: स्वर बाहेर पडल्यावर कानाने तपासण्याआधी तो मनात बरोबर असावा लागतो.

कातडी, हाडं, डोळे

त्वचेला कंपनं साधारण १००० हर्ट्‌झपर्यंत कळतात, २००–३०० च्या आसपास सर्वांत चांगली. जवळपास पूर्ण बहिरी असलेली स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी वाजवते, ते याच कारणाने. खालचे स्वर पाय आणि पोटऱ्यांत, वरचे चेहरा, मान आणि छातीत जाणवतात, असं ती सांगते. सराव असा करा: लाकडी फळीवर अनवाणी उभे राहा, सोबत्याला डग्गा किंवा बेस वाजवायला सांगा, संरक्षक घालून कान बंद ठेवा आणि प्रत्येक आघात बोटाने दाखवा. आधी विलंबित, मग दुप्पट. हातात फुगवलेला फुगा धरला तर मधले स्वरही बोटांना लागतात. यातून लय, आघाताचा जोर आणि स्वराची ढोबळ उंची मिळते. बारीक सूर मिळत नाही, तो मागू नका. ड्रमरना स्टुलाखाली बसवायचं कंपनयंत्र मिळतं, त्याने बास ड्रम अंगात येतो आणि मॉनिटरचा आवाज बराच कमी ठेवता येतो.

डोळ्यांचा उपयोग योजून करावा लागतो. तबलजीचा समेआधी वर उठणारा हात, व्हायोलिनचा गज वळणं, गायकाने घेतलेला श्वास, हे सगळं आवाजाच्या आधी दिसतं. दूरचा आवाज तर उशिराच पोचतो, दहा मीटरला जवळपास ३० मिलिसेकंद. त्यामुळे मोठ्या संचात हाताकडे बघून येणारा वादक कानावर विसंबणाऱ्यापेक्षा नेमका असू शकतो.

रिहर्सल आणि रंगमंच

पहिल्याच दिवशी सांगा, आणि नेमकं सांगा. 'मला कमी ऐकू येतं' यातून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. 'डाव्या बाजूने बोललेलं मला कळत नाही. सूचना देताना वाजवणं थांबवून माझ्याकडे बघून बोला. सुरुवातीची मोजणी हाताने दाखवा' हे कळतं. चांगला कान मुख्य कलाकाराकडे येईल आणि सगळ्यांचे हात दिसतील अशी जागा मागून घ्या. गुरुजींच्या किंवा कंडक्टरच्या कपड्याला तोंडापासून १५–२० सेंटीमीटरवर लावायचा बिनतारी माइक मशीनला जोडता येतो. सूचनांसाठी तो उत्तम, वाजवायला लागल्यावर बंद करायला सांगा. ब्लूटूथवरून येणाऱ्या आवाजावर मात्र वाजवायला जाऊ नका, उशीर इतका असतो की लय ओढली जाते. सभागृहात मशीनमधली टी-कॉइल (चुंबकीय मार्गाने आवाज घेणारी सोय) वापरणार असाल तर दिवे मंद-प्रखर होताना गुरगुर येते का, हे साउंड चेकच्या वेळीच पाहा.

आपला आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. गायकाचा घसा आणि सूर दोन्ही तिथे जातात. इन-इअर मॉनिटरने (रंगमंचावरचा आवाज थेट कानात देणाऱ्या इअरफोनने) हे बरंचसं सुटतं. मापाचे करून घ्या, दोन्ही कानांत घाला. एक काढून ठेवला की उरलेल्या कानात आवाज वाढवला जातो आणि चांगला कान धोक्यात येतो. मिश्रणात आधी स्वतःचा आवाज, मग तानपुरा किंवा कीज, मग ठेका. बाकीचं शक्य तितकं कमी. प्रेक्षकांकडचा एक माइक थोडासा मिसळला नाही तर डब्यात बसल्यासारखं वाटतं. लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) लावलेला आहे याची खात्री स्वतः करा. ऑडिओग्रामप्रमाणे इक्वलायझर लावताना ४५ डेसिबल घटीला ४५ डेसिबल वाढवायचे नसतात, मोठा आवाज आधीच मोठा लागतो. ६ पासून सुरू करा, दोन-दोनने वाढवा, १२ च्या पुढे जाऊ नका.

कार्यक्रमाच्या डबीत जादा बॅटऱ्या किंवा पूर्ण चार्ज केलेलं दुसरं मशीन, मळाच्या जाळ्या, बारीक ब्रश, कोरडं फडकं आणि संरक्षकांची एक जोडी हवी. ऐन कार्यक्रमात मशीन 'बंद पडतं' ते बऱ्याचदा जाळीत मळ किंवा माइकमध्ये घाम गेल्याने. मशीन पूर्ण बंद पडलं तर काय, हेही आधी ठरवा: कोणाच्या हाताकडे बघायचं आणि षड्ज कुणाकडून घ्यायचा. मशीनशिवाय एक रिहर्सल मुद्दाम करा.

काम निवडताना

ध्वनिमुद्रणाचं मिश्रण करत असाल तर एक चूक ठरलेली आहे: ज्याचे वरचे स्वर गेलेत तो ते वाढवत जातो आणि इतरांना मिश्रण टोचतं. खोलीतली पातळी ७५–८० डेसिबलवर ठेवा, चांगल्या मिश्रणाचा नमुना शेजारी ठेवून स्पेक्ट्रमच्या आलेखाशी ताडून पाहा, आणि आपल्या अविश्वसनीय पट्ट्यात २–३ डेसिबलपेक्षा मोठा बदल दुसऱ्या कानाला विचारल्याशिवाय करू नका.

ऑडिशन आणि परीक्षांसाठी सवलत आधी लेखी मागा: श्रवणचाचणीचा भाग जवळच्या स्पीकरवर किंवा प्रत्यक्ष वाद्यावर, परीक्षक समोर बसलेला, सूचना लेखी. त्याच दिवशी मागितलेली सवलत सहसा मिळत नाही. संगीतरचना, अध्यापन, तालवाद्य, एकल वादन, छोटे संच यांत परिस्थिती तुमच्या हातात जास्त राहते. ऐनवेळी न पाहिलेल्या खोलीत, अनोळखी संचाबरोबर, मोठ्या आवाजात वाजवण्याची कामं सर्वांत कठीण. ती नाकारायलाच हवीत असं नाही, पण उत्पन्न त्यांच्यावरच टेकलेलं नसावं.

ऑडिओग्राम दरवर्षी, मोठ्या आवाजात काम असेल तर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच ठिकाणी करा आणि जुने कागद सोबत न्या. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्‌झची सरासरी मागच्यापेक्षा १० डेसिबलने घसरली असेल, तर तो खरा बदल माना: डॉक्टरांना दाखवा, चालू औषधांची यादी सोबत द्या (काही प्रतिजैविकं आणि कर्करोगावरची काही औषधं कानाला बाधतात), की-बोर्डवरची तपासणी नव्याने करा, आणि मशीन व इन-इअर दोन्हींचं सेटिंग नव्या कागदाप्रमाणे बदलून घ्या.